धसका

रात्री पावणेदोनला ६४ वर्षांच्या काकूंना आणलं. संध्याकाळी यजमान गेले होते. छातीवर दाब, अंगाला दरदरून घाम, तळहात गार. ईसीजीत छातीवरच्या व्ही-२ ते व्ही-५ या लीड्समध्ये एसटी नावाचा भाग उचललेला, म्हणजे हार्ट अटॅकसारखा. नणंद म्हणाली, "डॉक्टर, वहिनींनी धसका घेतलाय."

शब्द अचूक होता, पण त्यावर विसंबून थांबता येत नाही. धसक्याने होणारा हृदयाचा आजार आणि खरा हार्ट अटॅक ईसीजीवर सारखेच दिसतात. ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम चघळायला देऊन त्यांना थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत नेलं.

हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या. डाव्या कप्प्यात डाय सोडल्यावर उलगडा झाला: तळ (हृदयाचा वरचा, रुंद भाग) जोरात आवळतोय, खालचं टोक मात्र फुग्यासारखं आणि जवळजवळ निश्चल. अरुंद तोंडाचं, गोल पोटाचं मडकंच. ऑक्टोपस धरायच्या अशाच मडक्यावरून जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये याला 'ताकोत्सुबो' नाव दिलं. पंपिंग ३५ टक्के. एवढा स्नायू बंद असूनही ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन) मात्र बेताचंच वाढलेलं. ही तफावत या आजाराची मोठी खूण.

धक्का बसला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन ओततात, हृदयातल्या मज्जातंतूंची टोकं नॉरॲड्रेनलिन. नाडी धावते, घाम फुटतो. एरवी ही लाट ओसरते. इथे ती इतकी मोठी असते की स्नायू मरत नाही, पण सुन्न पडतो. हे बहुतेकदा पाळी गेलेल्या स्त्रियांत दिसतं.

पहाटे चारला वरचं बीपी ८४ पर्यंत उतरलं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी डोब्युटामिन, म्हणजे हृदयाला जोरात आवळायला लावणारं औषध लावलं. हात सवयीने तिकडेच जातो. अर्ध्या तासात बीपी ७६, आणि छातीवर नवा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज. इको (हृदयाची सोनोग्राफी) लावला: जोरात आवळणारा तळ रक्ताची बाहेरची वाट अडवत होता. डोब्युटामिन त्याला आणखी आवळायला लावत होतं. ते बंद केलं. फुप्फुसं कोरडी होती, म्हणून २५० मिली सलाईन सावकाश, मग हृदयाचा जोर कमी करणारं एस्मोलॉल अगदी थोड्या डोसमध्ये. सहापर्यंत बीपी १०४. म्हणून माझा आग्रह आहे, ताकोत्सुबोत बीपी पडलं तर आधी इको, मग इंजेक्शन.

सकाळी मुलाने विचारलं, "अटॅक नाही ना? मग घरी नेऊ का?" नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या सावरेपर्यंतचा काळ) लांबतो आणि ठोके घातक पद्धतीने बिघडू शकतात. म्हणून मॉनिटर चालू ठेवला, पोटॅशियम ४ च्या वर राखलं. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन मुद्दाम टाळलं, कारण तेही क्यूटी लांबवतं. निश्चल टोकात गुठळी धरू शकते, म्हणून इको पुन्हा केला. गुठळी नव्हती.

सहाव्या दिवशी सोडलं. दहाव्याला त्या घरी होत्या. पाच आठवड्यांनी इको केला. पंपिंग ५८ टक्के, टोक तळाच्या बरोबरीने हलत होतं.