लाखेसाठी हॉटप्लेट

साजाची, म्हणजे गळ्यातल्या त्या पारंपरिक दागिन्याची, पानं पोकळ असतात आणि आत लाख भरतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका कारागिरानं त्या कामासाठी 1000 वॉटची बिडाची हॉटप्लेट घेतली होती. ती त्यानं आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवली, वर लाखेचा एक गोळा. "भावा, ही बघ की. रबरावानी झालीया, आता वितळंना." नखानं दाबला तर खड्डा पडून परत भरत होता. लाख साधारण 75 ते 80 अंशांला मऊ पडते. फार तापवून तशीच ठेवली तर ती कायमची घट्ट होते, मग कितीही आच द्या.

आधी प्लेटला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची दोन धातूंच्या तारांची जोडी, लावून मोजलं. नॉब सगळ्यात कमीवर. 105 ला थर्मोस्टॅटनं करंट तोडला, तरी आकडा चढत 140 पर्यंत गेला, आणि 95 ला उतरल्यावर पुन्हा चालू. थर्मोस्टॅट ठणठणीत होता. त्यातली बायमेटलची, म्हणजे धगीनं वाकून करंट तोडणारी, पट्टी प्लेटच्या खाली असते, तिला धग उशिरा लागते. शिवाय बीड जड, कॉइल बंद झाली तरी पोटातली उष्णता वर येतच राहते. अशा वेळी नवा थर्मोस्टॅट बसवून पैसे घेता येतात, फरक मात्र काडीचा पडत नाही.

आच कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर लावायचं विसराच, इथं सव्वाचार अँपिअरच्या वर करंट आहे. मोठा डिमर चालतो, पण तो फक्त ताकद कमी करतो. व्होल्टेज 230 चं 200 झालं की ताकद चोवीस टक्क्यांनी घटते आणि लाख गारठते.

म्हणून पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून ताकद आपोआप कमी-जास्त करणारा), के टाईप थर्मोकपल आणि 25 अँपिअरचा एसएसआर, म्हणजे हलत्या पत्तीविना चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले. कंट्रोलर घेताना एसएसआर आउटपुटचाच मागायचा; रिले आउटपुटचा दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्यातून एसएसआरला लागणारे डीसी व्होल्ट निघत नाहीत.

खरा प्रश्न सेन्सर कुठं बसवायचा हा. बिडाच्या प्लेटला मधोमध कॉइल नसते, तिथं आकडा कमी येतो. बाजूनं भोक पाडावं तर ड्रिल कॉइलच्या खाचेत घुसायची भीती. उद्यमनगरातून 150 मिमी व्यासाची, 10 मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची चकती फेसिंग करून, म्हणजे लेथवर सपाट करून, आणली. तिच्या कडेतून 3.2 मिमीचं भोक 40 मिमी आत नेलं आणि 3 मिमीचा प्रोब त्यात सरकवला. चकतीमुळे धगही सगळीकडे सारखी पसरते. अर्थिंग बॉडीला आणि चकतीला, दोन्हीला.

थर्मोकपलच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, वेगवेगळ्या देशांच्या मानकांत रंग वेगळे. के टाईपची निगेटिव्ह तार लोहचुंबकाला चिकटते. उलटी जोडली तर टोक गरम केल्यावर आकडा खाली जातो.

एसएसआरला अँपिअरमागं साधारण एक वॉट उष्णता सुटते, म्हणून हीटसिंक हवाच. एसएसआर बंद असतानाही थोडा करंट गळतो, टेस्टर पेटतो. त्यामुळे मेन स्विच फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा लावला. आणि एसएसआर बिघडतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे प्लेट कायम चालू. जुना थर्मोस्टॅट त्यासाठीच सीरीजमध्ये ठेवला, नॉब जरा वर, नेहमीच्या कामात मध्येच करंट तोडणार नाही एवढा. प्लेटजवळच्या जोडांना डाग देऊ नये, सोल्डर तिथं टिकत नाही. लग क्रिंप करून वर ग्लास फायबरची स्लीव्ह. कंट्रोलरचा डबा हातभर लांब.

पावसाळ्यात या प्लेटा ओल धरतात आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, पडतो. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) 1 मेगओहमच्या खाली दिसलं तर आधी वाळवायची, मग पुढचं काम.

कंट्रोलरवर सायकल टाईम, म्हणजे चालू-बंदच्या एका फेरीचा वेळ, 2 सेकंद, आउटपुटची कमाल मर्यादा 35 टक्के. तापायला वेळ लागतो, पण आकडा उडी मारून पुढं जात नाही. ऑटोट्यून करताना, म्हणजे कंट्रोलर स्वतःची सेटिंग स्वतः ठरवतो तेव्हा, तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली होतं, म्हणून तेव्हा लाख ठेवायची नाही. तेवढ्याच वजनाचं तेल त्याच भांड्यात घ्यायचं.

चकती 86 वर ठेवली तेव्हा लाख 78 ला स्थिरावली, चढउतार अंशभराचा. चकती आणि लाखेतला हा 8 अंशांचा फरक त्या पितळी वाटीपुरता आहे. भांडं बदललं की पुन्हा मोजून आकडा लावायचा.