आवाज येऊन राहिला का?

शनिवारी रात्री साडेनऊ वाजता आम्हा चार मित्रांची बैठक भरते आणि तिची नांदी गेली कित्येक वर्षे एकाच वाक्याने होते: "आवाज येऊन राहिला का बे?" चौघेही मूळचे नागपूरचेच, मात्र आता एक पुण्यात, एक कॅनडात, एक मिहान या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीमुळे शहराच्या दक्षिण टोकाला आणि मी त्रिमूर्तीनगरात असतो. भेटीचे ठिकाण म्हणजे पुण्याच्या मित्राने आपल्या घरी, अडगळीत जाऊ घातलेल्या एका संगणकावर चालवलेला मंबलचा सर्व्हर. मंबल हे आंतरजालावरून एकमेकांशी बोलण्याचे, २००५ पासून घडत आलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्या नावाचा अर्थ पुटपुटणे, आणि त्याच्या सर्व्हरला पूर्वापार मर्मर, म्हणजे कुजबुज, असे म्हणत आले आहेत. अशी विनयशील नावे धारण करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज प्रत्यक्षात मात्र खणखणीत असतो. पुटपुटतो तो माझा, विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारा संगणक.

आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली ती आमच्या नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, आणि रात्रीच्या वेळी तिचा आवाज देशाच्या फार मोठ्या भागात ऐकू जात असे. त्याच नागपुरातून माझा आवाज मिहानपर्यंत पोहोचत नाही, हे मिहानवाला मित्र मला दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता ऐकवतो. ते मला ऐकूही येते, कारण बिघाड बहुधा माझ्या माइकमध्ये असतो, हेडफोनमध्ये नव्हे.

लिनक्स माझ्या टेबलावर आले ते २००७ मध्ये, महाविद्यालयात असताना. त्या वेळी गाणे वाजत असताना बोलण्याचे सॉफ्टवेअर उघडले, की 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा कोरडा शेरा मिळत असे. साउंड कार्ड एक आणि मागणारे अनेक. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्यात सहा बिऱ्हाडांना मिळून एकच न्हाणीघर असावे आणि आत गेलेल्याने कडी लावून निवांत अभंग आळवत बसावे, तशी ती अवस्था होती. साउंड कार्डाशी बोलणारी आधी ओएसएस नावाची व्यवस्था होती. मग अल्सा आली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, ती घरात कायमची नांदू लागली. न्हाणीघराबाहेरची रांग लावून देण्याचे काम पुढे पल्सऑडिओने अंगावर घेतले. लिनक्सच्या अवतारांपैकी फेडोराने ते २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये स्वीकारले, आणि त्यानंतरची काही वर्षे रांगेपेक्षा रांग लावणाऱ्याचीच गाऱ्हाणी जास्त ऐकू येत. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आणले. यातली गंमत अशी, की अल्सा अजूनही तळमजल्यावर आहे तशीच राहते आहे, आणि पाइपवायर जुन्या प्रोग्रॅमना मालक बदलल्याचा पत्ता लागू नये म्हणून पल्सऑडिओचीच भाषा बोलते. दरवाजावर जुनीच पाटी आणि आत नवे बिऱ्हाड, ही व्यवस्था नागपूरकराला नवी नाही.

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी मात्र या सगळ्या मजल्यांवर मला एकाच संध्याकाळी चढउतार करावी लागली. दुपारी अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि त्याच्याबरोबर ग्राफिक कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नव्याने बांधला गेला नाही. ज्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो त्यांना हे दुखणे परिचित आहे: कर्नल बदलला की तो ड्रायव्हर त्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो, आणि ते राहून गेले की पडदा काळा पडतो. जुन्या कर्नलवर परत जाऊन ड्रायव्हर पुन्हा बसवला. त्यात अर्धा तास गेला, पण तो भाग मला आता पाठ असल्यामुळे त्याचे रडगाणे गात नाही. खरा घोळ पुढेच होता. परत आलेल्या ड्रायव्हरने एचडीएमआयच्या वायरीतून जाणारा आवाजाचा मार्गही बरोबर आणला आणि संगणकाने त्या मार्गालाच मुख्य मार्ग मानले. म्हणजे माझे मित्र आता माझ्या मॉनिटरमध्ये बोलू लागले, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकर नाहीत.

ते एका क्लिकचे काम होते. पण ज्या घाईने मी बाहेर जाणारा मार्ग बदलला, त्याच घाईने आत येणाराही बदलला, आणि यादीतल्या नावांपैकी 'मॉनिटर ऑफ' अशी सुरुवात असलेले नाव निवडले. हा मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे. संगणकातून जे काही ऐकू येत आहे तेच पुन्हा आत घेणारे ते कान असतात. परिणामी पुढची काही मिनिटे तिन्ही मित्रांना माझ्याऐवजी स्वतःचेच बोलणे थोड्या उशिराने ऐकू येत राहिले. कॅनडावाला म्हणाला, "पहिल्यांदाच कोणी माझं पूर्ण ऐकून घेतलं." मी ती चूक दुरुस्त केली, खरा माइक निवडला, आणि मग सर्वत्र शांतता पसरली.

ही शांतता सर्वांत वाईट. करकर, घरघर, प्रतिध्वनी यांपैकी काहीतरी असले तर माणसाला धरायला काही मिळते. मी टेबलाखाली अर्धा शिरून मागच्या सॉकेटांचे रंग टॉर्चने पाहत होतो, तेव्हा गॅलरीतून शेजारच्या काकांनी विचारले, "काऊन रे, काय हरवलं तुह्यं?"

"आवाज हरवला, काका."

काकांचे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, अनेक वर्षे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ते आत आले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी संगणकाकडे ढुंकूनही न पाहता सांगितले, "आवाज कुठपर्यंत येऊन राह्यला अन् कुठून गायब होऊन राह्यला, ते पाह्य पहिले. मंग हात लाव." मग त्यांनी रेडिओची रीत सांगितली. मुका झालेला रेडिओ आला की ते स्पीकरकडून मागे जात. व्हॉल्यूमच्या बटणाच्या मधल्या टोकाला पेचकस टेकवायचा. स्पीकरमधून घर्र असा आवाज आला तर तिथून पुढचे सगळे शाबूत आहे आणि दोष मागे आहे, नाही आला तर दोष पुढे आहे. एका स्पर्शात अर्धा रेडिओ संशयातून मोकळा होतो. "सारा रेडिओ खोलून बसनाऱ्याचं दुकान चालत नाही," असेही त्यांनी सांगितले, आणि ते माझ्या पद्धतीवरचे भाष्य होते हे मला कळले.

मला त्या क्षणी जे सुचले ते इतक्या वर्षांत सुचायला हवे होते. लिनक्सवर आवाजाचा मार्ग मजल्यामजल्यांचा आहे म्हणून मी कुरकुरत आलो. पण प्रत्येक मजल्यावर पेचकस टेकवायची सोयही त्यामुळेच आहे. मंबलमध्ये लूपबॅक नावाची सोय असते. तिच्यात आपलाच आवाज सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. तिथे शांतता. त्याखाली पाइपवायरच्या मजल्यावर माइकची पट्टी बोलताना हलते का, ते पाहिले; हलत नव्हती. मग थेट तळमजला: अल्साच्या एरेकॉर्ड या आदेशाने पाच सेकंद "एक, दोन, तीन, संत्रा बर्फी" असे नोंदवले आणि एप्लेने ऐकले. काहीच नाही. म्हणजे मंबल निर्दोष, पाइपवायर निर्दोष, पुण्याचा सर्व्हर तर निर्दोषच, आणि मी मात्र तासभर त्यांच्याच सेटिंगमध्ये बोटे घालत होतो.

तळमजल्यावर अल्सामिक्सर उघडले. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या दाखवणारा हा प्रोग्रॅम दिसायला जितका जुनाट तितकाच प्रामाणिक आहे. वरच्या देखण्या खिडक्यांमध्ये जे दिसत नाही ते इथे दिसते. पट्टीखाली दोन 'एम' असले की ती वाट मुकी, आणि 'एम' हीच कळ दाबली की ती बोलकी होते. माझ्या पट्ट्या बोलक्या होत्या, पण आवाज कोठून घ्यायचा या रकान्यात 'रिअर माइक' लिहिलेले होते आणि माझी पिन पुढच्या बाजूला खोचलेली होती. तो रकाना बदलला. आता नोंदीत अतिशय क्षीण, विहिरीच्या तळातून यावी तशी, संत्रा बर्फी ऐकू आली.

काकांनी या वेळी पहिल्यांदा पुढे वाकून वायर हातात घेतली. माझा हेडफोन मोबाइलचा, म्हणजे त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार टप्पे असतात. ऐकणे आणि बोलणे एकाच पिनेत. संगणकाला मात्र ऐकण्याचे भोक हिरवे आणि बोलण्याचे गुलाबी, अशी दोन वेगळी लागतात, म्हणून मध्ये एक दोनतोंडी वायर लावावी लागते. ती मी आदल्या आठवड्यात बाजारातून आणली होती. "हे तर दोघं जनं मिळून गानं ऐकाची वायर हाय," काका म्हणाले. तसेच होते. दिसायला हुबेहूब सारख्या, पण एक वायर बोलणे आणि ऐकणे वेगळे करते, तर दुसरी एकच गाणे दोघांना वाटून देते; मी रंग न पाहता, किंमत पाहून दुसरी उचलली होती. माइकचा टप्पा कुठेच जोडलेला नव्हता, आणि जे काही क्षीण ऐकू आले ते बहुधा हेडफोनचेच पडदे माझा आवाज टिपत असल्यामुळे. सोळा वर्षांहून अधिक काळ कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यावर फोडलेल्या खापरांपैकी किती माझ्याच खरेदीवर फुटायला हवी होती, याचा हिशेब मी त्या रात्री टाळला.

ड्रायव्हरची बाजू घ्यायची तर घेण्यासारखी आहे. मदरबोर्डवरची आवाजाची चिप बहुतेकदा एकाच प्रमाणाने चालते, पण तिची कोणती टोके कोणत्या सॉकेटला जोडायची ते प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो आणि सांगतोच असे नाही. म्हणून कर्नलमध्ये हजारो ओळींची एक वही तयार झाली आहे: अमुक यंत्रात माइक तमुक टोकाला आहे, अमुक यंत्रात हेडफोन लावला तरी स्पीकर बंद होत नाही. इंग्रजीत त्यांना क्वर्क म्हणतात. मराठीत 'खोड' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण तो आपण द्वाड मुलासाठी आणि अडेल बैलासाठी वापरतो. त्यातल्या बऱ्याच ओळींमागे आवाज हरवलेला कोणीतरी माणूस आहे, ज्याने आपल्या यंत्राची खोड शोधून ती लिहून पाठवली, आणि त्यानंतर तेच यंत्र घेणाऱ्याला ती कधी जाणवलीच नाही.

मिहानवाल्याने या सगळ्यावर सोपा उपाय सुचवला होता: ब्लूटूथ घे. घेऊन पाहिला. गाणी सुरेख वाजतात. पण माइक सुरू केला की बिनतारी हेडफोन गाण्याची पद्धत सोडून फोनची पद्धत धरतो, आणि त्या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला बहुतेकदा ८००० किंवा १६००० वेळाच घेतले जातात. मित्राचे बोलणे एकदम एसटीडी बूथच्या काळातले वाटू लागते. कळ दाबूनच बोलायची शिस्त लावून पाहिली, तर वेलँड या नव्या खिडकी-व्यवस्थेत एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत दाबलेली कळ पाहू शकत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण मी दुसरीकडे काही वाचत असताना कळ दाबून एकटाच बोलत राहिलो. शेवटी योग्य वायर आणली, आणि आवाज लागताच माइक आपोआप उघडण्याची सोय ठेवली.

आणि मग कूलर उरला. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना खिडकीतला कूलर बंद ठेवून गप्पा मारणे हे मैत्रीच्याही पलीकडचे आहे. पण त्याचा घों घों आवाज माइक उघडण्याची मर्यादा एकसारखा ओलांडत असल्याने मंबलमध्ये माझ्या नावापुढचे, मी बोलतो आहे असे दाखवणारे ओठांचे चिन्ह न बोलताही उजळलेले राही. त्यावर आरएनएनॉइज नावाचा उपाय मंबलमध्येच आहे. तो २०१७ मध्ये जाँ-मार्क व्हालँ यांनी तयार केला, आणि ज्या ओपस पद्धतीने आमचे बोलणे आकसून आंतरजालावरून जाते तिच्या कर्त्यांपैकीही ते एक आहेत. न्यूरल नेटवर्क वापरून ते सॉफ्टवेअर दर दहा मिलिसेकंदांच्या तुकड्यात बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता हे निवडते. मी त्या चौकोनात खूण केली आणि कूलर चालू असूनही पलीकडे नाहीसा झाला.

दोन शनिवार सुखात गेले. तिसऱ्या शनिवारी कॅनडावाल्याने मध्येच विचारले, "काऊन बे, कूलर नाही लावला का तू?" लावला आहे, तुम्हाला ऐकू जात नाही, असे मी अभिमानाने सांगितले. "मंग तो काढ ना फिल्टर," तो म्हणाला. पुणेकराने विरोध केला. शेवटी असे ठरले, की बैठकीची अखेरची पाच मिनिटे मी ती खूण काढून टाकायची. त्या पाच मिनिटांत कोणी फारसे बोलत नाही. गेल्या वेळी मात्र मधेच आवाजाचा पोत किंचित बदलला, मला खोलीत बसून तो कळला नव्हता, तेवढ्यात कॅनडाहून सूचना आली: "पंप कोरडा चालून राह्यला बे. ऊठ, पानी टाक."