तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्डवॉटर यांच्याबद्दल

फीनिक्समधल्या मराठी घरांत राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी मला विचारतंच, "नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटरबद्दल तुम्ही इतक्या आदराने कसं बोलता?" गोल्डवॉटर म्हणजे आमच्या ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर, १९६४ मध्ये पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. मी रिपब्लिकन पक्षाची प्रचारक नाही. आदर मात्र आहे, आणि तो मी लपवणार नाही.

१९ जून १९६४ चं ते मत. वर्णभेदावर बंदी घालणारा हा अमेरिकी कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते एव्हरेट डर्कसन त्यासाठी मतं जमवत होते. विरोधात गेलेले रिपब्लिकन फक्त सहा, त्यांत हे. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधला, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलातला, वर्णभेदही त्यांनीच मोडला होता. या वेळी आक्षेप कायद्यातल्या दोन प्रकरणांना होता: हॉटेलं-खानावळी आणि खासगी नोकऱ्या यांतल्या भेदभावावरची बंदी. तिथे हात घालायचा अधिकार राज्यघटना केंद्र सरकारला देत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पूर्वी मी इथेच थांबायचे. माणूस वर्णद्वेषी नव्हता, तत्त्वाला धरून राहिला, बस. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही त्यांना वर्णद्वेषी म्हटलं नव्हतं. त्यांच्या विचारांमुळे वर्णद्वेष्ट्यांना बळ मिळतं, असं म्हटलं होतं. नोव्हेंबरातल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते दिसलंच. ॲरिझोना सोडलं तर गोल्डवॉटर यांना मिळाली ती दक्षिणेतली पाच राज्यं. मिसिसिपीत ८७ टक्के मतं, जिथे बहुतेक काळ्या नागरिकांना मतदार यादीत नावच घालू देत नव्हते.

आणि मी तर महाडच्या चवदार तळ्याच्या मुलखातली. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. पाणी प्यायला १९२७ उजाडलं, आणि त्यासाठी माणसांनी मार खाल्ला. आपल्या घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं ही नावं घालून लिहिली आहेत ती उगाच नाही. 'सरकारने यात पडू नये' हे ज्याला दारातून कधी हाकललं नाही त्याला सहज म्हणता येतं. हे मी आता त्या जुन्या मला ऐकवते.

ती गप्प बसत नाही. ती म्हणते, मग ७ ऑगस्ट १९७४ चं काय? वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोगाची वेळ आली होती, तेव्हा संसदेतले रिपब्लिकन नेते ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स यांच्यासोबत गोल्डवॉटर व्हाइट हाउसमध्ये गेले आणि सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याइतकी मतं उरलेली नाहीत, हे स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सांगून आले. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. १९९३ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, समलिंगी सैनिकांना सैन्यात उघडपणे राहू द्या म्हणून हेच गोल्डवॉटर स्वपक्षीयांशी भांडले. कारण तेच, सरकारने माणसाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसू नये.

तुम्ही म्हणाल, १९७४ चा माणूस घ्या आणि १९६४ चा सोडा. पण दोन्ही वेळचा हट्ट एकाच मुळातून आलेला असताना तो कुठे तोडायचा, हे मला अजून कळलेलं नाही.