डेमोमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी: लॅब, क्लिनिक, छोटं रुग्णालय क्लाउडवर नेताना

एखादी लॅब, वीस खाटांचं रुग्णालय किंवा दोन-तीन डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक क्लाउड सॉफ्टवेअर घ्यायला निघालं की निम्मा वेळ डेमो बघण्यात जातो. डेमोत सगळीच सॉफ्टवेअर गुणी दिसतात. तिथला डेटा स्वच्छ असतो, इंटरनेट चालू असतं आणि एकही यंत्र जोडलेलं नसतं. प्रत्यक्षात घोडं पेंड खातं ते याच तीन ठिकाणी, त्यामुळे कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं यापेक्षा या तीन गोष्टींवर जास्त वेळ घालवावा.

आधी जुना डेटा. सर्वात जास्त नुकसान इथे होतं आणि ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा बहुधा सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) निघतो. ‘जरा नजर टाकू’ म्हणून कुणीतरी ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडतं, सेव्ह करतं आणि तिथेच वाट लागते. रुग्ण क्रमांक ००४५१७ चा नुसता ४५१७ होतो. १५ अंकांपेक्षा लांब क्रमांक असेल तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पू-पेशी) ‘२-४’ असं लिहिलेलं असतं, त्याची एक्सेल तारीख करून टाकतं. नावं देवनागरीत असतील तर कधी कधी नुसती अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा, ओळींची संख्या लिहून ठेवा आणि बघायचंच असेल तर डेटा इम्पोर्टच्या मार्गाने, यूटीएफ-८ (देवनागरी नीट वाचणारी अक्षर-पद्धत) निवडून आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून उघडा.

तारखांचा घोळ याहून छुपा. संगणकावर महिना-आधी अशी मांडणी असेल तर ०३/०४/१९८२ म्हणजे ३ एप्रिल गुपचूप ४ मार्च होतो आणि २५/०४/१९८२ तारीख म्हणून न वाचता नुसता मजकूर उरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या जन्मतारखांची महिन्यातल्या दिवसानुसार मोजणी करा. १३ ते ३१ या दिवशी जन्मलेले लोक गायब असतील किंवा त्यांचा रकाना रिकामा असेल, तर अदलाबदल झालेली आहे. एक जानेवारीला जन्मलेल्यांचा ढीग दिसला तर घाबरू नका, जन्मतारीख माहीत नसली की काउंटरवर तेच टाकलं जातं. पण ती तारीख ‘अंदाजे’ अशी खूण करूनच पुढे न्या, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, कारण औषधाचा डोस आणि लसीचं वेळापत्रक वयावर ठरतं.

अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीखच नसते, फक्त वय असतं. २०१६ मध्ये ४२ लिहिलेला माणूस अजून ४२ चाच. नोंदीची तारीख सोबत असेल तर जन्मवर्ष काढता येतं, म्हणून ती तारीख एक्स्पोर्टमध्ये मागून घ्या.

दुहेरी नोंदी आपोआप जोडून देऊ असं विक्रेता म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. एकाच घरातल्या पाच जणांचा मोबाइल नंबर एकच असतो. नंबरावरून जोडणी केली तर वडिलांचा रक्तगट मुलाच्या खात्यात जातो. एकाच रुग्णाची दोन खाती असणं त्रासाचं, पण दोन रुग्णांचं एक खातं होणं धोक्याचं, आणि जोडलेली खाती पुन्हा वेगळी करण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते. नाव, जन्मवर्ष आणि नंबर जुळणाऱ्यांची यादी काढा, निर्णय माणसाने घ्यावा.

लॅबच्या निकालांसोबत एकक आणि संदर्भ मर्यादा (नॉर्मल निकाल कुठून कुठपर्यंत ते) दोन्ही जायला हव्यात, प्रत्येक निकालाला चिकटून. संदर्भ मर्यादा फक्त मास्टरमध्ये (सगळ्या चाचण्यांच्या सामाईक यादीत) असेल तर पुढे किट बदललं की मागच्या वर्षीचा रिपोर्टही नव्या मर्यादेनुसार छापला जातो. एककाचा फटका तर थेट आलेखात दिसतो: ग्लुकोजचे मिलिमोल प्रति लिटर आणि मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर यांत सुमारे १८ पटींचा फरक आहे, क्रिएटिनिनच्या मायक्रोमोल आणि मिलिग्रॅममध्ये ८८.४ पटींचा.

आणि सगळं नेऊ नका. नाव-पत्ता, अॅलर्जी, दीर्घकालीन आजार, चालू औषधं आणि साधारण दोन वर्षांचे निकाल डेटा म्हणून न्यावेत. त्यामागचं सगळं पीडीएफ करून रुग्णाच्या खात्याला जोडलं तरी पुरतं. औषधांचा साठा जुन्या सॉफ्टवेअरमधून उचलण्यापेक्षा मोजून, बॅच नंबर आणि मुदतीसह नव्याने भरा. चाचणी स्थलांतर किमान दोनदा करा आणि तपासायला पन्नासेक रुग्ण मुद्दाम निवडा: जुळी भावंडं, एकाच नावाचे दोघं, सर्वाधिक भेटी असलेला, परतावा दिलेला, आणि मृत म्हणून नोंद असलेले. ही शेवटची खूण नेताना राहून गेली तर फॉलो-अपचा मेसेज त्या घरी जातो. याहून वाईट चूक सॉफ्टवेअरच्या हातून क्वचितच होते.

आता यंत्रं. लॅबमधले नमुने तपासणारे अॅनालायझर क्लाउडशी सहसा थेट बोलत नाहीत. ते आरएस-२३२ या सीरियल केबलवर किंवा लॅनवर एएसटीएम नाहीतर एचएल७ या ठरलेल्या भाषेत निकाल सोडतात आणि शेजारच्या संगणकावरचा एक छोटा प्रोग्रॅम ते गोळा करून क्लाउडला पाठवतो. सीरियल जोडणीत बॉड रेट (पाठवण्याचा वेग), डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा बिट) आणि स्टॉप बिट दोन्हीकडे तंतोतंत सारखे लागतात. ९६००, ८, नाही, १ ही जोडी बरीच दिसते, पण यंत्राच्या मॅन्युअलमध्ये बघूनच टाका. हा संगणक झोपी गेला किंवा विंडोज अपडेटने रात्री रिस्टार्ट झाला की सकाळी निकाल येत नाहीत आणि दोष इंटरनेटवर जातो. स्लीप मोड बंद, प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून आपोआप सुरू होणारा, आणि अपडेटची वेळ ठरवलेली, एवढं पहिल्या दिवशीच करून घ्या.

सॅम्पल आयडी रोज सकाळी १ पासून सुरू करण्याची सवय मात्र लगेच मोडा. लाइन बंद असताना अडकलेला कालचा १७ नंबरचा निकाल आज लाइन आल्यावर आजच्या १७ नंबरच्या रुग्णाला जाऊन चिकटू शकतो. आयडीत तारीख घाला किंवा सलग वाढणारा क्रमांक वापरा, तो ट्यूबवर बारकोड म्हणून लावा. यंत्रात जास्तीत जास्त किती अक्षरांचा आयडी चालतो ते आधी विचारा, कारण काही यंत्रं लांब आयडी शेपटाकडून कापतात आणि वेगळेपण नेमकं शेपटातच असतं.

सीटी किंवा एक्स-रे असेल तर अपलोडचा हिशेब कागदावर करा. सीटीची एक स्लाइस ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ६०० स्लाइसची एक तपासणी ३०० एमबी. १० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, आठ बिटचा एक बाइट) अपलोडला चार मिनिटं, २ एमबीपीएसला वीस. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. प्रतिमा आधी जागेवरच्या छोट्या सर्व्हरवर उतरवून तिथून सावकाश वर पाठवण्याची सोय असेल तर डॉक्टरांना वाट बघावी लागत नाही आणि त्याच वेळी काउंटरचं बिलिंगही रखडत नाही.

इंटरनेटसाठी दोन कंपन्यांच्या लाइन घ्या, पण एकाच खांबावरून येणाऱ्या दोन फायबर म्हणजे एकच लाइन. एक फायबर आणि एक मोबाइल नेटवर्क, मध्ये आपोआप बदलणारा राउटर. राउटर, स्विच आणि फायबरचा डबा तिन्ही यूपीएसवर हवेत. संगणक चालू आणि डबा बंद हे दृश्य फार सर्रास दिसतं.

‘ऑफलाइन चालतं’ या वाक्यावर समाधान मानू नका. नवीन रुग्ण नोंदवता येतो का? बिल निघतं का, आणि दोन काउंटरवर ऑफलाइन असताना एकच बिल नंबर पडला तर काय होतं? डेमोच्या वेळीच केबल उपटून दाखवा म्हणावं. काहीही असलं तरी दर चार तासांनी दाखल रुग्णांची औषधं आणि अॅलर्जी यांची पीडीएफ एका स्थानिक संगणकावर आपोआप उतरत राहावी आणि आधीच क्रमांक छापलेले कोरे फॉर्म काउंटरवर असावेत. करारातला ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद, ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं, आणि नियोजित देखभाल यातून वगळलेली आहे का ते बारीक अक्षरांत शोधा.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, हे सगळे सांगतात. ते टिकत नाही, कारण माणूस बदलायला अर्धं मिनिट लागलं की नर्सिंग स्टेशनवर एकच लॉगिन दिवसभर उघडं राहतं. पिन टाकून काही सेकंदांत बदलता येतं का, ते बघा. मुख्य खातं संस्थेच्या ईमेलवर काढा. ते नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या खासगी ईमेलवर असेल तर पासवर्ड बदलणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

सही करण्याआधी चाचणी खात्यात दहा खोटे रुग्ण भरा: कुणाला दोन पीडीएफ जोडा, कुणाचं बिल रद्द करा, एखाद्याचा निकाल दुरुस्त करा. मग सगळा डेटा एक्स्पोर्ट करून मागा. जोडलेल्या फाइल कोणत्या रुग्णाच्या ते कळतं का, रद्द बिल रद्द म्हणूनच येतं का, दुरुस्तीआधीचा निकाल आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव येतं का, हे बघा. नुसती नावांची यादी आली तर पुढे कधी विक्रेता बदलायचा झाला तर हातात तेवढंच असणार. करार संपल्यावर डेटा किती दिवस ठेवला जाईल आणि एक्स्पोर्टचे पैसे वेगळे पडतात का, तेही लेखी घ्या.

जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका. डेटाबेसचा पूर्ण बॅकअप दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, एखाद्या दुसऱ्या संगणकावर तो उघडतो का ते करून बघा, मग सर्व्हर नेटवर्कवरून काढून फक्त वाचण्यापुरता एक वर्ष ठेवा. जुन्या सॉफ्टवेअरचा लायसन्स डाँगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर तोही त्याच कपाटात, चिठ्ठी लावून. नोंदी किती वर्षं जपायच्या हे तुमच्याकडच्या कायद्यावर ठरतं. ती मुदत सांभाळून डिस्क काढून टाकताना नुसतं फॉरमॅट न करता डेटा कायमचा पुसणारं साधन वापरा.