तुम्ही विचारलंत म्हणून: पाटीवर आद्याक्षरं का नकोत?

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, घराच्या पाट्या, व्हिजिटिंग कार्डं. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, एवढं लांबलचक नाव कशाला? आद्याक्षरं टाका ना!" मी शक्यतो टाळतो. का, ते एकदाचं सांगून टाकतो.

मराठीत आपण आद्याक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट घेतो, आणि त्यातली बरीचशी आधीच अडवलेली आहेत. कैलास नावाचे एक गृहस्थ नव्या फ्लॅटची पाटी करायला आले. पितळी अक्षरांत 'कै. ना.' आणि पुढे आडनाव. प्रूफ काढून काउंटरवर ठेवलं. सोबतचा नातू म्हणाला, "आजोबा, हारपण घालायचा का?" गृहस्थांनी चष्मा पुसला, परत वाचलं, आणि "पूर्णच लिहा हो" म्हणाले. स्वप्नीलच्या 'स्व.'चीही तीच गत. सौरभचं 'सौ.' केलं की नवरदेवाच्याच गळ्यात मंगळसूत्र, कुणालची 'कु.' होऊन कुमारी. सगळ्यांत वाईट गंगाधर भास्करांचं: 'गं. भा.'! वडील भास्करऐवजी स्वरूपचंद असले तरी बडोद्यात सुटका नाही, कारण गुजराती पत्रिकेत विधवेच्या नावामागे 'गं. स्व.' लावतात.

चिं. वि. जोशी इथल्याच कॉलेजात पाली शिकवायचे. ते एका अनुस्वारावर तरले. कंपोझ करताना तेवढं टिंब उडालं की प्राध्यापकांचे चिरंजीव झाले. (विनोदी लेखक होते, त्यांना चाललंही असतं.)

इंग्रजी अक्षरांची तऱ्हा वेगळी. एम. एस. म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 1949 साली सुरू झालेली महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी येते, बाहेरगावच्या पोरांपुढे धोनी. त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण अमोल सुरेश, आणि आडनावही 'स'वरून? शर्टाच्या खिशावर ए. एस. एस. भरून घ्या, इंग्रजीत गाढव तयार. दीक्षितांनी स्पेलिंगमध्ये के-एस-एच घातले की शेवटच्या चार अक्षरांची शिवी होते. एक्स घातला की जाते. यात हसण्यासारखंच आहे असंही नाही. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली होती आणि अपशब्द गाळणाऱ्या यंत्राला गाव काय, शिवी काय, सगळं सारखंच.

राहता राहिले अंकशास्त्रवाल्यांनी वाढवून दिलेले ए आणि एच. ते मी निमूट छापतो, श्रद्धेच्या भानगडीत पडत नाही. मात्र ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाइकाला ते स्पेलिंग घरातल्या एखाद्या शाळकरी पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यायला सांगतो. मोठी माणसं भिडेखातर गप्प बसतात.