अंगणात पोहण्याची सोय: तलाव, स्विम स्पा आणि काळी माती

गुडघ्यांची झीज वाढल्यामुळे लांबचे चालणे थांबवून पोहण्यास सुरुवात करावी, असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा मला ६३ वे वर्ष लागले होते. पोहणे मला नवे नव्हते. पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेच्या घाटावरून ढकलून दिलेल्या सांगलीकरांपैकी मी एक. परंतु आता घाटाच्या पायऱ्या झेपत नव्हत्या आणि सार्वजनिक तलावाच्या उभ्या शिडीवरून चढताना गुडघा हमखास कुरकुरत असे. विश्रामबागेतील आमच्या घरामागे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशी मोकळी जागा होती; तेथेच काहीतरी करावे, असे मी आणि पत्नीने ठरवले.

मनात पहिल्यापासून तलावच होता. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल असा आराखडा मी कागदावर काढला. त्यात सुमारे ४३,००० लिटर पाणी मावणार होते, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर भरूनही थोडे कमीच पडले असते. स्विम स्पा हा शब्द पहिल्यांदा मुलीने सुचवला. साडेचार मीटर लांबीच्या, ॲक्रिलिकच्या तयार टाकीत पंपाच्या साहाय्याने समोरून प्रवाह सोडला जातो आणि पोहणारा त्याला तोंड देत एकाच जागी पोहत राहतो. पाणी लागते जेमतेम ६,५०० लिटर. मला ती कल्पना पोहण्यापेक्षा ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालण्यासारखी वाटली आणि मी ती बाजूला ठेवली.

ठेकेदार जागा पाहायला आले, तेव्हा त्यांनी आराखड्याकडे फारसे लक्ष न देता आधी पहारीने माती उकरली. "साहेब, टाकी कुणीबी बांधंल, ही काळी माती सांभाळायची कुणी?" असे ते म्हणाले. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पण तिच्या या हालचालीने तलावाच्या भिंतींना तडे जातात, याचा विचार मी केला नव्हता. तळाखालची आणि बाजूंची माती काढून तेथे मुरूम थराथरांनी भरावा, त्यावर पाणी मारून धुमस करावी, म्हणजे तो ठोकून घट्ट बसवावा, आणि मगच सळईचे जाळे बांधावे, असा त्यांचा सल्ला होता. एवढ्याने अंदाजपत्रक जवळपास दीडपट झाले.

तरीही मी मागे हटलो नसतो. त्यांच्याच सूचनेवरून जुलैमध्ये पाच फुटांचा एक चाचणी खड्डा घेतला. संध्याकाळी तळ ओलसर होता. सकाळी त्यात वीतभर पाणी साचले होते आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते जमिनीखाली तीन फुटांवर आले. २०१९ च्या महापुरात आमची गल्ली कोरडी राहिली होती, म्हणून मी निर्धास्त होतो, पण जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब निराळा असतो. दुरुस्तीसाठी पावसाळ्यात तलाव रिकामा केला, तर भोवतालचे पाणी ती मोकळी टाकी होडीसारखी वर उचलू शकते. त्यासाठी तळाशी दाब सोडणारी झडप बसवतात. म्हणजे काय, तर बाहेरचे गढूळ पाणी स्वतःहून आत घ्यायचे आणि टाकी वाचवायची! तलाव नको, स्विम स्पाच घ्यायचा, हा माझा निर्णय त्या खड्ड्याच्या काठावरच झाला.

मधल्या काळात स्पाची टाकी गच्चीवर ठेवण्याचीही कल्पना निघाली होती. घरगुती गच्चीचा स्लॅब साधारणतः प्रत्येक चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार गृहीत धरून बांधतात आणि १.२ मीटर उंचीचे पाणी त्याच जागेत १,२०० किलो भरते, एवढे आमच्या अभियंत्यांनी सांगितल्यावर तो विषय तेथेच संपला.

घेण्यापूर्वी मी पुण्याला जाऊन प्रत्यक्ष पाण्यात उतरून पाहिले, आणि हे प्रत्येकाने करावे असे मला वाटते. पहिल्या नमुन्यात तीन फवाऱ्यांचा प्रवाह फेसाळ होता आणि खांद्यांऐवजी थेट तोंडावर येत होता. दहा मिनिटांत दम लागला. दुसऱ्यात फवारे रुंद होते व प्रवाह थोडा खालून येत होता. तेथे वीस मिनिटे पोहल्यावर मला एकदम घाटाखालचे पाणी आठवले. धारेला तोंड करून हात मारायचे आणि काठावरचे झाड जागचे हलू द्यायचे नाही, हा आमचा लहानपणीचा खेळ हेच तर होते. पंख्याने प्रवाह निर्माण करणारा तिसरा नमुना सर्वांत चांगला होता, परंतु त्याची किंमत ऐकून मी पुन्हा कपडे घातले.

टाकी जमिनीत न गाडता मुरमाच्या भरावावर १५० मिलिमीटर जाडीचा सळईचा स्लॅब टाकून त्यावर ठेवली. पंप आणि नळ बाजूच्या फळ्यांआड असतात, म्हणून चारही बाजूंनी माणूस बसू शकेल एवढी जागा सोडली. टाकी गल्लीतून आणण्यासाठी हायड्रा क्रेन लागली आणि तारांखालून ती फिरवताना महावितरणकडून तासभर वीज बंद ठेवून घ्यावी लागली. थ्री फेजचा मंजूर भार वाढवणे, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरच्या वीजगळतीला पुरवठा तोडणारे संरक्षक यंत्र, यांत मी एक रुपयाचीही काटकसर केली नाही.

तापवण्याच्या खर्चात मात्र फरक स्पष्ट दिसला. ६,५०० लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण साडेसात युनिट लागतात. त्या तलावाला पन्नास लागले असते. जानेवारीत झाकण घालून ठेवलेले पाणी मी ३० अंशांवर ठेवतो आणि गुडघे खूश असतात. एप्रिलमध्ये उलटे होते. हीटर बंद असूनही पंपांच्या उष्णतेने आणि सांगलीच्या उन्हाने पाणी ३४ अंशांपर्यंत चढते व त्यात जोराने पोहणे नकोसे होते. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री झाकण उघडे टाकावे लागते आणि मी सकाळी उठून आधी त्यात पडलेली पाने व किडे गाळतो. ही गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती. पहिल्याच जूनमध्ये विजेच्या चढउतारांनी नियंत्रण पट्टीही जळाली आणि बदली भाग यायला पाच आठवडे गेले.

उणीव म्हणून सांगायचे, तर दोन्ही नाती सूर मारू शकत नाहीत, भिंतीला पाय लावून लांबवर सरकत जाण्याचे सुख मलाही मिळत नाही. मात्र चार वर्षांची धाकटी अंगणात एकटी असली, तरी कुलूपबंद झाकणामुळे पत्नी निश्चिंत असते.

आमच्या बोअरचे पाणी जड आहे. ते थेट वापरले, तर हीटरवर क्षार चढतात. म्हणून सॉफ्टनरमधून दोन-तीन दिवसांत टाकी भरतो. पाणी थोडे आणि कोमट असल्याने क्लोरिन लवकर खर्च होते. ते १ ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) दरम्यान आहे का, हे रोज पट्टीने तपासतो. तीन-चार महिन्यांनी पाणी बदलायचे असते, तेव्हा आठवडाभर आधी क्लोरिन टाकणे थांबवतो, पट्टी कोरी येऊ देतो आणि मग ते पाणी नारळाच्या आळ्यांत सोडतो. चाचणी खड्डा मुरमाने बुजवला आहे.