नाव घातलेली भांडी

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती आणि मोठी पितळी पातेली तीन. ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे पातेली जायची. भांडीबाजारातून नवं भांडं आलं की आजी आधी त्यावर नाव आणि साल घालून घ्यायची. तो माणूस खिळ्याएवढ्या छिन्नीनं टकटक करत काठावर टिंबाटिंबांची अक्षरं उठवायचा. नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जात नसे.

हे आठवलं ते जारमुळे. बरणी नव्हे, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतली लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, ज्या फाइलीत बांधून येते, ती जार. नोकरीला लागलो तेव्हा आमचे पाच प्रोजेक्ट होते आणि प्रत्येकात ‘लिब’ नावाचा फोल्डर. काही लागलं की शेजारच्या प्रोजेक्टमधून उचलायचं. वाटीभर साखर आणावी तसं, पण इथे देणाऱ्याची साखर कमी होत नाही, त्यामुळे विचारायचीही गरज नाही. एकदा मला एकाच फोल्डरात ‘कॉमन-नवीन’, ‘कॉमन-नवीन-फायनल’ आणि ‘कॉमन-हीच-वापरा’ अशा तीन बहिणी सापडल्या. प्रोजेक्ट चालत होता मधलीवर.

मग मेव्हन आलं, प्रोजेक्टला लागणाऱ्या जार आणून देणारं साधन. त्याच्या पॉम नावाच्या फाइलीत जारचा गट, नाव आणि आवृत्ती लिहायची. ते जार आणून मशीनवर ‘डॉट एम टू’ नावाच्या एकाच कोठारात ठेवतं आणि पाचही प्रोजेक्ट तिथूनच घेतात. आजीला हे लगेच पटलं असतं.

भांडण होतं ते आवृत्तीवरून. दोन जार तिसरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागतात, तेव्हा मेव्हन नातं बघतं: प्रोजेक्टच्या जास्त जवळची जी, तिचं खरं. नातं सारखंच असेल तर पॉममध्ये जिचं नाव आधी, तिचं. ग्रेडल हे तसंच दुसरं साधन आपणहून थोरलीला मान देतं, म्हणजे मोठ्या आकड्याच्या आवृत्तीला. (आमच्या घरात दोन्ही नियम एकाच वेळी चालत, म्हणून दर दिवाळीला रुसवे.) मेव्हनच्या न्यायात कधी कधी जुनीच आवृत्ती पदरात पडते. कंपाइल बिनबोभाट होतं आणि चालवताना ‘नो सच मेथड एरर’, म्हणजे हवं ते फंक्शन या आवृत्तीत नाहीच. एका कुकरला दुसऱ्याचं झाकण बसल्यासारखं वाटतं, पण वाफ धरायच्या वेळी कळतं.

शेवटी पाचही प्रोजेक्टना एक सामाईक पॅरेंट पॉम केला. आवृत्त्यांचे आकडे फक्त तिथे, ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये, पोरांनी नुसतं नाव सांगायचं. बरंच निभावलं. आमच्या स्वतःच्या ‘कॉमन’ लायब्ररीचं मात्र माझ्या हातूनच वाटोळं झालं. तारखा, मेल, एक्सेल, जे दिसेल ते तिच्यात कोंबत गेलो. एका प्रोजेक्टला फक्त तारीख छापायची होती, तर मागोमाग एक्सेलचं अख्खं बिऱ्हाड राहायला आलं.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं ते भोक उघड झालं. मी घरून काम करत होतो. थंडीत शाल गुंडाळून एकेका प्रोजेक्टचं डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती जार कुणामुळे आली त्याचं झाड, काढत बसलो. ज्यानं लॉगफोरजे कधी मागितलंच नव्हतं, त्याच्याही वंशावळीत तिसऱ्या पिढीला ते निघालं. दुरुस्तीची आवृत्ती २.१५ घातली, तोवर २.१६ आली, मग २.१७, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. पॅरेंट पॉममुळे दर वेळी आकडा एकाच जागी बदलायचा होता, एवढं पुण्य कामी आलं.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, आमचं एक पातेलं तुमच्याकडे राहिलंय का?" माळ्यावरून काढलं, चिंचेनं घासलं. काठावर नाव होतं. आमचं नाही, काकूंचंही नाही; कुणा तिसऱ्याच घरचं आडनाव आणि १९५८ साल. आईला विचारलं, तिनं ते नाव कधी ऐकलेलं नाही. दिवाळीचा चिवडा गेली तीस वर्षं त्यातच होतो.